डी.एड. झालं, पुढे काय?

शिकवायचा परवाना आपल्याकडे एका कागदावर मिळत नाही. आधी पदविका, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. या सगळ्यातून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. आता आंतरवासितेसाठी आमच्या शाळेत येणारी मुलंमुली विचारतात, "मॅडम, क्लास कुठला लावू?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

१. आधी इयत्ता ठरवा. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड.च हवं, सगळे त्याला अजून डी.एड.च म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एड. किंवा बी.एड., शिवाय टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला बी.एड. लागतं, टीईटी नाही. कुठलं कॉलेज घराजवळ आहे एवढंच बघून प्रवेश घेणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

२. सराव पाठाचं टाचण जीव ओतून काढा, पण वर्गात गेल्यावर मुलांकडे बघा. अपूर्णांकाच्या पाठाला मी कार्डशीटची वर्तुळं कापून नेली होती. मागच्या बाकावर सर निरीक्षण वही उघडून बसलेले. पाव मोठा की अर्धा, असं विचारल्यावर एक मुलगी ठामपणे म्हणाली, "पाव मोठा. खाली चार आहे ना." टाचणात याचं उत्तर नव्हतं. मी तिच्याच हातात कागद दिला. तिने एक घडी घातली, मग दुसरी घातली, आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून गप्प झाली. मग म्हणाली, "जास्त वाटण्या, बारका वाटा." सरांनी वहीत हेतुकथन राहिल्याचं लिहिलं, ते बरोबरच होतं. पण मूल कसा विचार करतं हे मला त्या घडीपाशी कळलं.

३. टीईटीची तयारी वर्गातच सुरू होते. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, म्हणजे ९० गुण. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना ३०-३० गुण. मुलाने अमुक चूक केली तर शिक्षक काय करेल, या धाटणीचे प्रश्न हमखास येतात. ज्यांनी आंतरवासिता मनापासून केली, त्यांना ते सोपे जातात. पाठांतरवाले पर्यायांत अडकतात. २०२१ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे पदविकेच्या अखेरच्या वर्षीच बसा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर नोकरीतल्या अनेक शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागणार आहे. आमच्या स्टाफरूममध्ये केस पिकलेले गुरुजी पियाजे आणि वायगॉट्स्की वाचत बसलेले असतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

४. टेटचा अभ्यास वेगळा. तिचं पूर्ण नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोन तासांत २०० प्रश्न. इथे वेग लागतो, म्हणून घड्याळ लावून सराव करा. ही परीक्षा २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. जाहिरात आल्यावर पुस्तक उघडणाऱ्याला ही वाट परवडत नाही.

५. पवित्र पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरण्याआधी नाव, जन्मतारीख, जातीचा दाखला, सगळं जुळवून ठेवा. जिल्ह्यांचे पसंतीक्रम घरच्यांसोबत बसून भरा.

६. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये. २०२३ पूर्वी ते ६,००० होतं. परजिल्ह्यात खोली घेऊन राहणाऱ्याला आजही ते पुरत नाही. एवढ्या परीक्षा घेऊन निवडलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर घरी आधीच सांगून ठेवा की तीन वर्षं तुमच्याकडून पैसे यायचे नाहीत.