बंद ताटीपुढे उभे राहा

सज्जनहो, ताटीच्या अभंगांचा प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. जननिंदेने खिन्न होऊन ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले. धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून त्यांना विनवीत राहिली. ज्ञानियांचा राजाही दार लावून बसतो, मग आपले पोर बसले तर नवल ते काय?

आज हा पाठ घेण्यास कारण आहे. आपल्या कन्नड तालुक्यातली, पिशोर, नागद, चापानेरकडची पोरे संभाजीनगरला खोली करून शिकतात. बाप मका विकून पैसे धाडतो. पोरगं नापास झालं की त्याला वाटतं, आता घरी तोंड कसं दाखवू? २०२२ साली देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते.

माझाही अपराध सांगतो. पुष्कळ वर्षे मी कीर्तनात 'आत्महत्या हे महापाप' एवढेच गर्जत असे. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक विद्यार्थी पाया पडून हळूच म्हणाला, "महाराज, माझ्या मनात तसं येतं. पण पापी म्हणतील म्हणून कुणाला बोललो नाही." तेव्हा उमजले की धाकाने दुःख जात नाही, तोंड तेवढे बंद होते. त्याचे सारे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांसह त्याला डॉक्टरांकडे नेले.

गीतेचा पहिला अध्याय विषादाचा. अर्जुन रडगाणे सांगू लागला, तेव्हा अध्याय संपेपर्यंत भगवंत मध्ये बोलले नाहीत. उपदेश मागाहून, आधी श्रवण. नवविधा भक्तीतही पहिले श्रवणच ना?

म्हणून लक्ष ठेवा. झोप-जेवण तुटले, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, 'मी नसलो तर बरं' असे शब्द आले, तर सरळ विचारा, "बाळा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार शिरत नाही, अडकलेले दुःख मोकळे होते. तशा वेळी त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य चालतो. मराठीतही बोलता येते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही अशा जिवाला गुन्हेगार नव्हे, तर तीव्र ताणाने पिडलेला मानतो.

वारीत थकून बसलेल्याला आपण पाप-पुण्य पुसत नाही. त्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतो. तेच घरी करा. आज रात्री पोराला फोन लावा. मार्क मागाहून विचारा, आधी "जेवलास का रे?" एवढे विचारा, आणि तो बोलेल ते ऐका.

राम कृष्ण हरि.