इनपुटची वाट पाहणारी अपत्य-प्रक्रिया

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा अनुभव हमखास आला असेल. प्रोग्राम सुरू होतो, पडद्यावर काही उमटत नाही, चूकही दाखवली जात नाही. तो नुसता थांबून राहतो. इतिहासाच्या शिक्षकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु घटनेमागचे कारण शोधणे हेच आमचे काम, आणि येथे दोष बहुधा भलत्याच्याच माथी मारला जातो.

युनिक्स कार्यप्रणालीत ‘पाइप’ १९७३ साली आला. बेल लॅब्जमधील डग मॅकइलरॉय यांनी प्रोग्राम एकमेकांना जोडण्याची कल्पना १९६४ मध्येच मांडली होती. केन थॉम्प्सन यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. पाइप म्हणजे दोन टोकांची नळी: एका टोकाने लिहायचे, दुसऱ्याने वाचायचे. जनक-प्रक्रिया फोर्क() करते तेव्हा अपत्यालाही दोन्ही टोकांच्या प्रती मिळतात. खरी गोम येथेच आहे. नळी रिकामी असेल तर रीड() थांबून राहते. ‘मजकूर संपला’ हे सांगणारे शून्य तिला तेव्हाच मिळते, जेव्हा लिहिण्याच्या टोकाची शेवटची प्रतही बंद झालेली असते. जनकाने सगळा मजकूर दिला, पण आपले टोक उघडे ठेवूनच वेटपिड() केले, तर अपत्य मजकूर संपण्याची वाट पाहते आणि जनक अपत्य संपण्याची! अपत्याने स्वतःकडची लिहिण्याची प्रत बंद केली नाही, तर ते स्वतःचीच वाट पाहत बसते. म्हणून फोर्क() होताच नको असलेली टोके दोघांनीही क्लोज() करावीत, आणि लिहून झाल्यावर जनकाने उरलेलेही. संवाद पुढे चालू ठेवायचा असल्यास एफप्रिंटएफ() नंतर एफफ्लश() हवे. नाहीतर मजकूर जनकाच्याच बफरमध्ये पडून राहतो.

समजा, वर्गातील ६० मुलांचे प्रोग्राम एकामागून एक चालवून तपासायचे आहेत. एक स्कॅनएफ() वर अडला की पुढच्या सर्वांचे निकाल अडतात. आणि तपासणाऱ्याने टोक उघडे ठेवल्यामुळे थांबलेला, पण अचूक लिहिलेला प्रोग्राम नापास ठरवणे हा उघड अन्याय होय. ज्याला इनपुट द्यायचेच नाही, त्याचे स्टँडर्ड इनपुट डप२() वापरून ‘/डेव्ह/नल’ कडे वळवावे. पहिलेच वाचन तत्काळ संपते.

तरीही स्कॅनएफ() चे परतमूल्य न तपासणारा एखादा प्रोग्राम थांबण्याऐवजी अखंड फिरत राहील. त्यासाठी कालमर्यादा हवी. अलार्म(५) हे अपत्यात, फोर्क() नंतर व एक्झेक() पूर्वी लिहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे: जनकाने लावलेला गजर फोर्क() मधून अपत्याकडे जात नाही, एक्झेक() मधून मात्र टिकतो. पाच सेकंद झाले की सिगअलार्म अपत्याला संपवतो. त्यालाही न जुमानणाऱ्या प्रोग्रामसाठी जनकाकडे सिगकिल आहेच. पण पुष्कळजण तेथूनच सुरुवात करतात, ते मला पटत नाही. अपत्य कसेही संपो, जनकाने वेटपिड() करणे आवश्यकच आहे, अन्यथा त्याची नोंद ‘झोंबी’ म्हणून उरते. त्याच वेटपिड() ने दिलेली स्थिती डब्ल्यूइफसिग्नल्ड ने तपासावी, म्हणजे निकालपत्रकात ‘वेळ संपली’ आणि ‘उत्तर चुकले’ हे दोन वेगळे शेरे देता येतात.