संगणकावरील लढाऊ विमान : दांडा कोणता घ्यावा?

हैदराबादच्या रहिवाशांस विमानाची घरघर नवी नाही. दुंडीगल येथे वायुसेनेची अकादमी आहे, हकीमपेठेस वैमानिकांचे शिक्षण चालते, आणि पूर्वी याच संस्थानात मोडणाऱ्या बिदर येथे २००८ सालापासून हॉक विमानांवर भावी लढाऊ वैमानिक तयार होत आहेत. तेव्हा मलकपेठेतील मुलांस लढाऊ विमानांचे वेड लागावे यात नवल ते काय? हल्ली हे वेड संगणकाच्या पडद्यावर भागवता येते. परंतु नुसत्या कळफलकावर विमान चालवणे म्हणजे लगामावाचून घोडा हाकणे होय. आणि आमच्या पेठेत शर्यतीचे मैदान असल्यामुळे या उपमेचा अर्थ येथे कोणास फोडून सांगावयास नको! मग घरात दांड्याची, म्हणजेच जॉयस्टिकची, मागणी सुरू होते. मुलाच्या मनात सर्वांत महाग ती वस्तू भरलेली असते. वडिलांस ते सारे निव्वळ खेळणे वाटते. मध्यम मिळकतीच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. यास्तव या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम 'खेळणे' या शब्दाविषयी. अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गन व पियानो बनविण्याच्या कारखान्यात वाढला. ऑर्गनमध्ये हवेचा भाता असतो. आपल्या भजनातील पेटीतही तो असतो. आमच्यासारख्या कोकणी घरांतून तर पेटीच्या भात्यावर हात ठेवूनच मुले मोठी होतात. लिंकने १९२९ च्या सुमारास अशाच भात्यांवर लाकडाचे एक लहानसे विमान बसविले. आतील दांडा हलविला की झडपा उघडत वा मिटत, भात्यांतील हवा कमीजास्त होई आणि ते विमान जागच्या जागी कलत, झुकत, वळत असे. सुरुवातीस या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत! पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपालाची विमाने चालविण्याचे काम आले, आणि धुके व वादळ यांत डझनभर वैमानिक प्राणास मुकले. केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची सवय त्यांच्या हातांस नव्हती. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. जत्रेतल्या खेळण्यात आणि प्राण वाचविणाऱ्या साधनात अंतर पडले ते एवढेच, की दुसऱ्यात हाताला खरे वळण लागत होते.

हीच कसोटी आपल्या दांड्यास लावावयाची. त्याच्या अंगावर दिवे किती आणि बटणे किती, हे नंतर पाहता येईल.

विमानास तीन हालचाली असतात. दांडा डावी-उजवीकडे केला की पंख कलतात. पुढे-मागे केला की नाक खाली-वर होते. आणि पायांतील पेडलांनी शेपटीवरील सुकाणू, म्हणजे रडर, फिरून नाक बाजूस वळते. याखेरीज डाव्या हातात इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल असतो. फ्रान्समधील रोबेर एस्नो-पेल्तरी याने १९०७ साली एका दांड्याने विमान सांभाळण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. तेव्हापासून हातापायांची ही वाटणी मूलतः फारशी बदललेली नाही.

आता दांड्याच्या पोटात काय असते ते पाहू. स्वस्त दांड्यात पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक जीभ सरकते व तीवरून स्थान कळते. जुन्या रेडिओचा आवाजाचा खुंटा फिरविताना होणारी खरखर तुम्ही ऐकली असेल. तो खुंटा म्हणजे हेच यंत्र होय. पट्टी झिजते, धूळ बसते, आणि दांडा स्थिर असताही पडद्यावरील विमान थरथरू लागते. चांगल्या दांड्यात 'हॉल परिणामा'चा उपयोग केलेला असतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञास १८७९ साली असे आढळले, की वीजप्रवाह वाहणाऱ्या पट्टीस आडवे चुंबकीय क्षेत्र लावल्यास तिच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. दांड्यास लहानसा लोहचुंबक जोडून हा दाब मोजला म्हणजे झाले. येथे कोणतीही वस्तू दुसरीस घासत नाही, म्हणून झीजही नाही. थोडे अधिक पैसे खर्चावयाचे असल्यास ते येथेच खर्चावे. थ्रस्टमास्टर कंपनीच्या टी-१६००० एम या दांड्यात असा संवेदक आहे, शिवाय तो डावखुऱ्या मुलासही चालतो.

खोक्यावर मात्र मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांनी भुलू नये. थोडे गणित करू. मेजावरील दांडा १८ सेंटीमीटर उंच आहे आणि तो एकूण ४० अंशांतून फिरतो असे समजा. त्याचे टोक सुमारे साडेबारा सेंटीमीटरांचा कंस काढील. यंत्र त्याचे २५६ भाग करीत असेल, तर एक भाग अर्ध्या मिलिमीटरचा झाला. हे जाडेभरडे आहे. १०२४ भाग केल्यास सुमारे ०.१२ मिलिमीटर, हे पुरेसे आहे. १६,३८४ भाग केल्यास एक भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान होतो. इतका स्थिर हात कोणाचा असतो? येथून पुढे आकडा वाढला तरी नेम सुधारत नाही.

याउलट ज्याची जाहिरात कोणी करीत नाही ती गोष्ट म्हणजे दांड्याची लांबी. ६० सेंटीमीटरांचा दांडा १० अंश कलविण्यास हात साडेदहा सेंटीमीटर न्यावा लागतो. १८ सेंटीमीटरांच्या दांड्यास तीनच पुरतात. म्हणून मेजावरच्या दांड्याने विमान एकदम उसळते, आणि मुलगा म्हणतो, "दांडा खराब आहे." दांडा आखूड आहे, इतकेच. खेळाच्या मांडणीत मध्याजवळची हालचाल सौम्य करणारी वक्ररेषा निवडता येते; ती निवडावी. तीस पैसा पडत नाही.

दांडा कोणता, हे शेवटी विमान कोणते यावरही ठरते. हैदराबादच्या निजामाच्या देणगीमुळे ब्रिटिश वायुसेनेतील १५२ व्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव मिळाले होते व तिच्या चिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत ही तुकडी स्पिटफायर विमाने उडवीत होती. त्या स्पिटफायरचे मर्लिन इंजिन जोर घेऊ लागले की विमान डावीकडे ओढ घेई आणि वैमानिकास उजवा पाय दाबून ते सरळ ठेवावे लागे. ज्यास असे पंख्याचे विमान शिकावयाचे आहे, त्याने साधा दांडा घेऊन उरलेले पैसे पायपेडलांवर घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यास तेजससारखे आधुनिक जेट हवे, त्यास प्रारंभी पेडलांची निकड नाही, कारण त्या विमानात पायांचे बरेचसे काम संगणकच सांभाळतो. मुठीतच पिळून रडर फिरविता येईल असा दांडा त्याला पुरेल. बटणे व थ्रॉटल मात्र चांगले हवेत. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत आपल्या वायुसेनेत राहिलेल्या मिग-२१ च्या चाकांचा ब्रेक दांड्यावरच्या पट्टीत असे. तो उडविणाऱ्याने एक बटण त्यासाठी राखून ठेवावे.

मान वळविताच पडद्यावरील दृश्य फिरविणारी साधने व डोळ्यांवर बांधावयाचे आभासी चष्मे यांविषयी एवढेच सांगतो, की चष्म्याबरोबर संगणकही भारी घ्यावा लागतो. डी.सी.एस. या खेळात सु-२५टी हे विमान विनामूल्य मिळते, आणि फ्लाइटगिअर तर संपूर्ण विनामूल्य आहे. आधी त्यांवर महिनाभर हात चालवून पाहावा. वेड टिकले तर पुढचा खर्च.

सिकंदराबादेस चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये खरेदीस जाल तेव्हा दुकानातच दांडा संगणकास जोडून घ्यावा. तपासणीच्या खिडकीत फुली दिसते. दांडा अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकास न्यावा. फुली उड्या मारते काय, ते पाहावे. मग दांडा सोडून द्यावा. चारही बाजूंनी सोडला तरी फुली नेमकी मध्यावर आली पाहिजे. वापरलेला दांडा घेताना ही परीक्षा दोनदा करावी. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

घरी आणल्यावर दांडा मेजास शिकंज्याने घट्ट आवळावा, अन्यथा लढाईच्या भरात विमानाऐवजी दांड्याचा पायाच उचलला जातो. पेडले घेतली असतील तर आणखी एक अडचण येईल. आपल्याकडील शहाबादी फरशीवर ती पुढे पुढे सरकत जातात. पेडलांखाली रबराची चटई घालावी, आणि त्यांच्या पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत एक फळी टेकवून ठेवावी.