आधी पाण्याला विचार

भंडारदऱ्याला जाणार म्हणालास, तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा लिहून द्यायचं. फोनवर सांगितलेलं कानावरून जातं. प्रवरेच्या या खोऱ्यात मला तुझ्या आजोबांनी फिरवलं, आणि त्यांना फिरवलं ते रतनवाडीच्या एका मामांनी. मामा शाळेत फारसे गेले नव्हते, पण डोंगराची त्यांना खडानखडा माहिती होती. कुठेही निघायचं म्हटलं की ते आधी एकच विचारत, "पाणी काय म्हणतंय?" आजोबांनी ते उचललं, त्यांच्याकडून मी. आता तूही उचल. या खोऱ्यात कुठे, केव्हा आणि किती आत जायचं हे पाणीच ठरवतं.

का ते सांगते. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. वर घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो आणि तीच नदी खाली नेवाशाकडे पोचते तिथे पाचशेच्या आसपास. एकाच नदीच्या दोन टोकांना एवढा फरक, म्हणून तर इंग्रजांनी 1910 मध्ये भंडारदऱ्याला धरण बांधायला घेतलं आणि ते 1926 मध्ये पुरं झालं. विल्सन धरण, उंची सुमारे 270 फूट, साठा 11 टीएमसी. ते पाणी ओझरच्या बंधाऱ्यातून कालव्यांना गेलं, कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना काढला. धरणाच्या भिंतीजवळ फोटो काढशील तेव्हा नुसतं तळं बघू नकोस. खालच्या तालुक्यांची शेती त्या भिंतीमागे उभी आहे. आणि तळ्याखाली लोकांची भातखाचरं गेलीत, तेही तिथल्या म्हाताऱ्यांशी बोललास तर ऐकायला मिळेल.

आता महिना ठरव. तू पावसाळ्यात जायचं म्हणतोयस. जा, पण तेव्हा रस्ता आणि देऊळ एवढंच धर. जुलै-ऑगस्टमध्ये रतनगडाच्या वाटेवर जंगलात शिरायच्या आधीच नदीचं पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी वर ढग फुटला की तासाभरात कमरेला येतं, आणि गड चढून गेलेले लोक पलीकडेच अडकतात. मामांची खूण अशी होती: पाणी गढूळ झालं, त्यात पाचोळा आणि काटक्या वाहायला लागल्या, की वर पाऊस झालाय असं समजायचं, मग आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. अशा वेळी अलीकडे असशील तर अलीकडेच थांब. पलीकडे असशील तर उंचावर बसून पाणी उतरायची वाट बघ. दोर धरून, साखळी करून ओलांडायचा पराक्रम करू नकोस.

गडासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. सांदण दरीसाठी त्याहून उशिरा, डिसेंबरनंतर. आणि काजव्यांसाठी मेचा शेवट ते पहिला जोरदार पाऊस, एवढाच थोडा काळ. तिन्ही एका सहलीत बसत नाहीत. बसवायचा प्रयत्नही करू नकोस.

पहिल्या दिवशी गडाकडे धावू नकोस. धरणाजवळच्या शेंडी गावाहून तळ्याला वळसा घालून रतनवाडीला ये आणि अमृतेश्वरापाशी सावकाश थांब. देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी शिवालयं बांधली, त्यांतलंच हे एक, अशी या भागात जुनी समजूत आहे. उगमाच्या पाण्याशी देवळाचं नातं किती जवळचं आहे ते पावसात दिसतं. गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड त्यात बुडून जाते. तेव्हा आत घुसायची घाई करू नकोस, उंबऱ्यातूनच दर्शन घे.

देवळाचं शिखर बघायची एक रीत आजोबांनी मला शिकवली. लांबून आख्खं शिखर बघितलं की ते नुसतं उंच वाटतं. म्हणून जवळ उभं राहून एकच पट्टी धरायची. खालून वर जाणाऱ्या त्या कोरीव पट्ट्यांच्या मधे छोट्या शिखरांच्या ओळी आहेत. प्रत्येक छोटं शिखर म्हणजे मोठ्याचीच प्रतिकृती, आणि वर जाताना ती क्रमाने लहान होत जातात. एक ओळ बोटाने हवेत मोजत वर गेलास की कारागिराने उंचीचा भास कसा साधला ते आपसूक कळतं. मग खांबांकडे वळ. सकाळी ऊन तिरकं येतं तेव्हा नक्षी उठून दिसते, दुपारी सगळं सपाट होतं. दगडाला हात लावू नकोस, घामाने झिजतो. आणि प्रदक्षिणेच्या फरशीवर शेवाळ असतं, तिथे अनवाणी पावलं सपाट टाक.

गावातच दगडी पुष्करणी आहे. लोक देऊळ बघून परस्पर गडाकडे वळतात आणि ती राहून जाते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पायऱ्या उतरून आतल्या भिंतींमधली देवकोष्ठं एकेक करून बघ, विष्णूच्या मूर्ती आहेत. हातपाय धुवायची जागा नव्हे ती.

गडाला निघताना पहाटे निघ. आणि निघण्याआधी गावात एका घरी जेवणाचं सांगून ठेव. किती माणसं, किती वाजता परतणार, एवढं पुरे. यात दोन गोष्टी साधतात. चुलीवरची भाकरी, पिठलं आणि वाफाळता भात मिळतो, ती एक. दुसरी जास्त मोलाची: अंधार पडला आणि तुम्ही आला नाहीत, तर तुमची वाट बघणारं कुणीतरी असतं. तिथे मोबाईलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा हाच तुमचा निरोप. वाटाड्या गावातलाच घे, पैसे आधी मोकळेपणाने ठरव आणि परत आल्यावर घासाघीस करू नकोस. हे महादेव कोळी आणि ठाकर लोकांचं रान आहे. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध त्यांनी बंड केलं आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात ते फासावर गेले. त्यांचं नाव तुला तिथे घरोघर ऐकू येईल. आपण त्यांच्या दारात पाहुणे आहोत, एवढं लक्षात असलं की वागणं आपोआप सुधारतं.

जंगलातून चढताना दोन्ही बाजूंना कारवी लागते. सात वर्षांनी एकदा फुलते. फुललेली दिसली तर नशीब समज. पण आधाराला कारवी धरू नकोस. वरून हिरवी दिसणारी काठीसुद्धा मुळाशी वाळलेली असते आणि वजन पडलं की हातात येते. धरायचंच तर झाडाचं मूळ किंवा आधी हलवून बघितलेला दगड. कपारीत न बघता हात घालू नकोस, चापडा साप तिथेच वेटोळं घालून बसलेला असतो आणि त्याचा रंग पानांत मिसळतो. वाटेत एक फाटा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो. पाट्या असतात, नसतातही. तिथे वाटाड्याच्या पुढे जाऊ नकोस.

पुढे लोखंडी शिड्या. तोंड शिडीकडे, चढतानाही आणि उतरतानाही. दोन हात दोन पाय, त्यांतले तीन कायम टेकलेले. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि वरचा उतरत असेल तर खाली बाजूला उभं राहायचं, त्याच्या बरोब्बर खाली नाही. खाऊची पिशवी हातात दिसता कामा नये, माकडं नेमकी शिडीवर येतात आणि दचकून हात सुटतो. शनिवार-रविवारी तिथे रांग लागते, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा.

गणेश दरवाजातून वर गेलास की गुहा लागते. थोडं थांब, पाणी पी. टाक्यांतलं पाणी वर्षाच्या त्या महिन्यात पिण्याजोगं आहे का, हे वाटाड्याला विचार, स्वतः ठरवू नकोस. मग कड्याच्या काठाने नेढ्याकडे. डोंगराच्या माथ्याला आरपार भोक पडलंय, आत बसता येतं. तिथून कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग आणि समोर आजोबाचा डोंगर दिसतो. 1646 मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तिथून ओळखायला शीक, म्हणजे पुढे या भागात कुठेही दिशा चुकणार नाही. वारा मात्र ढकलतो. वाऱ्याच्या बाजूला तोंड करून बस, टोपी आणि फोन खिशात टाक, उभं राहून फोटो नको. धुकं दाटलं तर नेढ्याचा नाद सोडायचा. पायाखालची वाट तेव्हा दिसते, तिची कड दिसत नाही.

गडाच्या त्र्यंबक दरवाजातून साम्रद गावाकडे उतरता येतं. वाटाड्या बरोबर असेल तरच.

साम्रदच्या बाहेर सांदण दरी. दोन-अडीचशे फूट खोल चीर, काही जागी जेमतेम एक-दोन माणसांची वाट. ध्यानात घे, रतनगडाचं पाणी पूर्वेला जातं, पण सांदणीचं पाणी कोकणात उतरतं. थोडक्या अंतरात पाण्याची वाटणी झालीये. म्हणजे त्या चिरेत पडलेलं सगळं पाणी तुझ्याच अंगावरून खाली जाणार, बाजूला चढायला जागा नाही. आभाळात ढग असले, अवकाळीचा अंदाज असला, तर शिरूच नकोस. हिवाळ्यात आत पाण्याच्या दोन जागा लागतात, एक गुडघ्या-मांडीएवढी, दुसरी जास्त खोल. काठी टाकून आधी खोली बघायची. बूट काढायचे नाहीत, तळाला धारदार दगड असतात. पुढे दोरावरून उतरायचे टप्पे आहेत, ते माहीतगार गटाबरोबर, हेल्मेट घालून. नाहीतर पाण्यापाशी थांबून परत फिर, तेवढ्यातही दरी पुरेपूर भेटते. आत ओरडून प्रतिध्वनी ऐकायचा मोह होईल. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. आवाज, धूर आणि अत्तर, तिन्ही त्यांना खवळवतात.

काजव्यांना गेलास तर उजेड हाच शत्रू. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लखलखतात, आख्खं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. तो उजेड म्हणजे नर-मादीची बोलाचाली आहे. गाडीचा दिवा किंवा मोबाईलची बॅटरी लावली की ती मोडते आणि पुढच्या वर्षीची पैदास घटते. गाडी लांब लावायची, पायी जायचं, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. झाडाखाली गवतात शिरू नकोस, माद्या तिथे खाली असतात. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 पासून. चौकीवर प्रवेशाची वेळ आणि मुक्कामाला परवानगी कुठे आहे ते विचारून घे. नियम बदलत असतात.

परतताना रंधा धबधबा. सुमारे 170 फुटांवरून प्रवरा कोसळते, शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. पण वर धरण आहे, हे विसरू नकोस. पाणी सोडलं तर सारं पात्र बघता बघता भरतं, आभाळ निरभ्र असलं तरी. कठड्याच्या आतूनच बघायचं, खाली पात्रात उतरायचं नाही. कोरड्या दिसणाऱ्या खडकावर तर मुळीच नाही.

पेट्रोल घोटीला किंवा अकोल्यात भरून घे. हातात एक दिवस उरला तर घोटीकडे न वळता नदीबरोबर खाली ये. अकोल्यात प्रवरेच्या काठी सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, तेही अमृतेश्वरासारखंच सावकाश बघ. आणखी वेळ असला तर थेट नेवाशापर्यंत जा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात, तो पैस खांब तिथे आहे. पण तो मुक्काम धरूनच कर, रात्रीची गाडी चालवून नाही. आणि पोचलास की मला फोन कर. त्या दिवशी धरणातून पाणी किती सोडलं होतं, तेही विचारून ठेव.