क्रूगरच्या अरण्यास निघालेल्या पुतण्यास

चि. विनायक यास,

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः मोटार हाकीत फिरण्याचा तुझा मनोदय कळून संतोष झाला. परंतु सोबत धाडलेला कार्यक्रम वाचता, दक्षिणेच्या मालेलेन दरवाजापासून उत्तरेस पुंडा मारियापर्यंतचा मुलूख चार दिवसांत पायाखाली घालण्याचा जो बेत तू मांडला आहेस, तो अरण्य पाहण्याचा नसून एखाद्या मामलेदाराने तालुक्याचा दौरा उरकावा तशातला आहे, असे म्हणणे मला भाग आहे.

हे उद्यान दक्षिणोत्तर सुमारे ३६० किलोमीटर लांब आहे. डांबरी रस्त्यावर ताशी ५० व कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा. आणि ज्याला काही पाहावयाचे आहे तो तीही क्वचितच गाठतो. स्कुकुझाच्या निवासी तळाहून सताराचा तळ ९० किलोमीटरांच्या आसपास. तेवढ्यास अर्धा दिवस लागला, तर तो सत्कारणी लागला असे समज. म्हणून उत्तरेकडील मोपानी वृक्षांचा प्रदेश या खेपेस सोडून देऊन दोन मुक्काम साबी नदीकाठी लोअर साबी येथे आणि दोन सिंहांचा वावर असलेल्या सताराच्या गवताळ मैदानात, एवढेच योज. लोअर साबीच्या अगदी निकट सनसेट डॅम नावाचा जलाशय आहे. तेथे इंजिन बंद करून तासभर स्वस्थ बसणाऱ्यास मगरी तर दिसतातच, पण पाणघोड्याच्या पाठीवर उभा राहून मासळीवर नजर ठेवणारा बगळाही दिसण्याचा संभव असतो.

डिसेंबरचा आग्रह मात्र सोड. त्या वेळी तिकडे पावसाळा असतो. गवत माजते, पाणी जागोजाग साचते आणि जनावरांना पाणवठ्यावर येण्याची गरज उरत नाही. ऑगस्टात रान विरळ व पाणी दुर्मिळ होते, हिवतापाचे भयही कमी असते. तरी त्याविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कसूर करू नकोस. पहाटे थंडी बोचरी पडते, तेव्हा लोकरीचे कपडे जवळ असावेत.

नेमून दिलेल्या जागांखेरीज मोटारीतून उतरण्यास मनाई आहे. सिंहाची भीती घालणारे पुष्कळ भेटतील, पण माझ्या मते मुलाहिजा राखावा तो हत्तीचा. गंडस्थळावरून मदाचे काळसर ओघळ वाहत आहेत, मागील पाय मूत्राने भिजले आहेत, असा एकटा नर रस्त्यावर दिसला, तर दुरूनच थांबून मोटार सावकाश मागे घ्यावी, आणि त्याच्यात व कळपात आपली मोटार कदापि घालू नये. छायाचित्राचा मोह अशा वेळी आवरलाच पाहिजे.

निवासी तळांचे दरवाजे सायंकाळी मिटतात. त्या वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात, आणि उशिरा येणाऱ्यास दंड होतो. उशीर झालेला मनुष्य गाडी पिटाळतो व वाटेत आडव्या आलेल्या जनावराचा बळी घेतो, हे ध्यानात ठेवून परतीस निदान तासाभराची सवड राख. तळावर माकडांपासून खाद्यपदार्थ जपावेत, हे निराळे सांगावयास नकोच.

आफ्रिकेतील त्या भागात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, ही तेवढी तुझी सोय. या तळांवरील जागा फार आधी भरून जातात. तरी ऑगस्टच्या मुक्कामांची तजवीज याच आठवड्यात कर, आणि सुधारलेला कार्यक्रम मला उलट टपाली धाड. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका