चावी, सही आणि शब्द

कालव्यावरच्या आमच्या पाणीवापर संस्थेचा मी काही वर्षं अध्यक्ष होतो. तेव्हा जे पक्कं उमगलं, ते इथे मांडतो.

1. कालव्याच्या दाराची चावी पाटकऱ्याकडे. रात्रीच्या पाळीला दार किती उचलायचं, हे त्याच्याच हातात. पण चारी लांबलचक आणि माणूस एकटा. त्याची पाठ वळली की कुणीतरी दगड-गोणपाट घालून पाणी आपल्या रानात वळवतो. ताबा म्हणजे एवढाच. समोर उभं असेपर्यंतचा.

2. पाटकऱ्याला दमात घेऊ नये. दोन्हीकडून शिव्या तोच खातो.

3. 2005 च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून घेण्याचा आणि सभासदांत वाटण्याचा अधिकार दिला. संचालक मंडळात हेड (वरचा), मध्य आणि टेल (शेवटचा) अशा तिन्ही भागांतले शेतकरी लागतात, हेही त्यातच आहे. टेलच्या शेतकऱ्याला त्यामुळे हक्काने बोलायला जागा मिळाली. मात्र माझ्या सहीचा ठराव दप्तरात राहतो, पाणी चारीने जातं.

4. टेलकडून भिजवत वर यायचं, असा ठराव झाला तेव्हा हेडवाले खवळले. पाणी आमच्या बांधावरून जाणार आणि आमचा गहू वाळणार? पहिल्याच दाराशी रान असलेले एक म्हातारे शेतकरी उठले. ना संचालक, ना कुणा पुढाऱ्याचे सोयरे. म्हणाले, "माझा नंबर सगळ्यात शेवटी धरा." त्या आवर्तनात दाराला कुणी हात लावला नाही. दुष्काळात त्यांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी शेजाऱ्यांच्या जनावरांना दिलं होतं, पाणीपट्टी कधी थकवली नव्हती. ते वजन वर्षानुवर्षं साठत आलेलं होतं. निवडून येऊन ते मला मिळणार नव्हतं.

5. तरीही सगळं वजनदार माणसांवर सोडायला माझा ठाम विरोध आहे. पुढाऱ्याच्या फोनलाही वजन असतंच, आणि त्याचा जाब सभेत विचारता येत नाही. माझ्या ठरावाचा जाब कुणीही सभासद विचारू शकतो, म्हणून तो लेखी हवा.

6. चारीच्या तोंडाशी पाणी मोजा आणि आकडा रोज फळ्यावर लिहा. आमच्याकडे फळा लागल्यावर टेलच्या बायका चारीवर येऊन तो वाचू लागल्या, आणि पाणी कमी आलं की थेट संचालकाचं दार वाजवू लागल्या.