गरोदर सुनेचें ताट व घरचें लिंबू

भुसावळच्या बाजारांत लिंबें आणणारे आमचे शेतकरी बंधु भावाची चौकशी कसून करितात; परंतु त्यांतील किती लिंबें घरच्या गरोदर सुनेच्या ताटांत पडतात, हा हिशेब कोणी मांडीत नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्यांत आंकडेमोडींत गेलें, म्हणून आरंभीं एक आंकडा देतों. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२ पंडुरोगी आढळल्या. अशा मातेचें मूल अशक्त निपजण्याची व प्रसूतींत तिच्या जिवास अपाय होण्याची भीति वाढते.

आमच्या कळण्याच्या भाकरींत, डाळींत व मेथींत लोह आहे. मग ही उणीव कां? वनस्पतींतील लोह आंतड्यांत सहज शोषलें जात नाहीं, आणि धान्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य त्यास बांधून ठेवितें. लिंबू, मोसंबी व संत्रें यांतील क जीवनसत्त्व त्याच लोहास शोषणयोग्य करितें. मात्र लिंबू त्याच जेवणांत हवें. उष्णतेनें क जीवनसत्त्वाचा नाश होतो, म्हणून भाजी चुलीवरून उतरल्यावर तें पिळावें.

चहा याच्या उलट लोह अडवितो. आमच्या घरीं सूनबाई लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत असे, आणि तो चहा आम्हीच आग्रहानें देववीत होतों. आरोग्यसेविकेनें चूक दाखविली, तेव्हां आम्ही खजील झालों. आतां गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली जाते, व चहा पुष्कळ वेळानें होतो.

पंडुरोगाचें कारण केवळ लोहाची उणीव नव्हे. सन १९२८ मध्यें मुंबईस आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनीं गिरणींतील गरोदर मजूर स्त्रियांची तपासणी केली, व यीस्टच्या अर्कानें त्यांचा पंडुरोग हटतो असें सन १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलेट म्हणून ओळखलें गेलें. संत्र्यांत तें थोडें असतें. परंतु गरोदरपणाची गरज तेवढ्यानें भागत नाहीं. म्हणून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली सरकारी गोळी १८० दिवस घ्यावी लागते. लिंबू हें त्या गोळीचें सोबती आहे, तिच्याऐवजीं नव्हे.

तरी वाचकांस विनंति इतकीच कीं, विहिरीजवळचें एक कागदी लिंबाचें झाड घराच्या नांवें राखावें, व भाव कितीहि चढला तरी त्याचें फळ बाजारांत नेऊं नये.